कराडचे पुतणे

कराडात त्या साली जेवढे पुतणे शिकायला येणार होते, तेवढे खरोखर आले असते तर त्यांना झोपायला संगमावरची वाळूही पुरली नसती. मी खोली बघायला गेले की त्या घरात एक पुतण्या जन्माला येई. मी दारात उभी राहीपर्यंत खोली रिकामी असे. कुलूप काढून ती दाखवली जाई, भिंतींना नुकताच चुना दिलाय हेही सांगून होई. मग दोन-चार प्रश्न होत, आणि घरमालकांना एकदम आठवे की भावाचा पोरगा जूनमध्ये कॉलेजला यायचा आहे. आधी कसं बरं विसरलो, असं म्हणून ते स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडला होता आणि मला कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी लागली होती. कानाला हेडफोन लावायचा, समोरच्या बोर्डात दोऱ्या खुपसायच्या आणि इस्लामपूरचा माणूस सांगलीच्या हळदवाल्याला जोडून द्यायचा. या कामात मला एक मोठं सुख होतं. फोनवर मी नुसती 'बाई' होते. 'बाई, जरा सांगली लावा, लय घाई हाय,' म्हणून अख्खा तालुका माझी मनधरणी करायचा. यातल्याच काही लोकांच्या दारात मी खोली मागत फिरत असणार. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं नाही आणि मीही ओळख दिली नाही.

खोली मिळणं मात्र गरजेचं होतं. संध्याकाळची पाळी सुटायची तेव्हा औंधाकडच्या आमच्या गावची शेवटची एसटी कधीच निघून गेलेली असे. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, गावात राहायची सोय करा, नाहीतर नोकरी कायम होताना अडचण येईल. तोवर मी बरोबरच्या एका बाईंच्या पडवीत अंथरूण टाकत होते. त्यांच्या सासूबाई रोज सकाळी मला विचारायच्या, 'मिळाली का गं खोली?' ती विचारपूस नव्हती हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

जात मला कुणीही विचारली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आजही लोक छातीला हात लावून सांगतात की आम्ही कधी कुणाची जात विचारली नाही. खरं आहे. ते आडनाव विचारत. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून त्यांच्या हाती काही लागत नसे. मग विचारत, 'गावात घर कुठंशी तुमचं?' मी खरं ते सांगे, ओढ्याच्या पलीकडं. झालं. पुतण्या हजर.

मला राग यायचा. त्या रागाची पंचाईत अशी की तो काढायचा कुणावर? इतकं गोड बोलून नाही म्हणत की भांडायला कुठे बोट ठेवावं तेच समजेना. एका गृहस्थांनी तर मला आळीच्या टोकापर्यंत सोबत येऊन दुसऱ्या घराचा पत्ता दिला. तिथेही पुतण्या होता.

एक वकील रोज साताऱ्याला फोन लावून घेत. एकदा लाइन मिळायला वेळ होता, तेव्हा मी धीर करून विचारलं, 'साहेब, राहायला घर नाकारलं तर कायदा काही म्हणतो का?'

'म्हणतो की,' ते म्हणाले. 'विहीर, देऊळ, हॉटेल, तसंच राहतं घर. जातीवरून अडवता येत नाही. तुम्हाला कुणी अडवलं?'

'पुतण्यानं,' मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

मग ते म्हणाले, 'बाई, जातीमुळं देत नाही असं कुणीतरी तोंडानं म्हटलं पाहिजे आणि ते कुणीतरी ऐकलं पाहिजे. पुतण्यावर खटला कसा भरायचा?' तेवढ्यात सातारा लागलं.

पुढे मी ज्यांना काकी म्हणायला लागले, त्यांचं घर नदीकडे उतरणाऱ्या एका आळीत होतं. काकी विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं. गावाकडे उसाचं आणि ज्वारीचं रान होतं, ते धाकटा दीर बघायचा आणि वर्षाची ज्वारी त्याच्याच गाडीतून यायची. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, खालून वर पाहिलं आणि त्यांच्या परीनं सगळ्यात महत्त्वाचं ते विचारलं, 'दैवत कंचं म्हणायचं तुमचं?'

खरं तर आमच्या घरातले देव मी लहान असतानाच वडिलांनी नदीत सोडले होते. आमच्या सगळ्या वस्तीनंच सोडले होते. पण आईच्या तोंडातून यमाई गेली नव्हती. ठेच लागली तरी यमाई, दूध उतू गेलं तरी यमाई. काकींचा प्रश्न आला तशी आईच माझ्या तोंडून बोलली, 'औंधाची यमाई.'

'आगं बया! आमचीबी यमाईच की!' काकी उठल्याच. 'मग घरचीच हाईस म्हणायची. चल, खोली दावते.'

गावात घर कुठं, हे त्यांनी विचारलंच नाही. दैवत कळलं की त्यांच्या लेखी सगळी चौकशी उरकत असे. डोंगरावरची देवी ओढ्याच्या पलीकडच्यांचीही असू शकते, हे त्यांच्या मनातही आलं नसावं. मी गप्प राहिले आणि त्याबद्दल मला अजूनही काही वाटत नाही. जे विचारलं नाही ते सांगत सुटायचा मक्ता माझ्या एकटीकडेच का?

ते पहिले महिने फार सुखाचे गेले. आमच्या दोघींमधली भिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती, वरून बोलणं ऐकू येई. पाळीवरून आले की पलीकडून हाक यायची, 'बाई, जेवलीस का?' सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या चुलीपुढे बसून चहा प्यायचे. फोनवर लोक काय काय बोलतात ते त्यांना ऐकायचं असायचं आणि मी सांगत नाही म्हणून त्या लटक्या रागावायच्या.

मग एकदा वडील भेटायला आले. ते फौजेतून पेन्शनीत आलेले, आवाज कवायतीचा. शेंगांची पिशवी खाली ठेवून त्यांनी काकींना हात जोडले आणि दोन शब्दांचा नमस्कार घातला, आमच्यात सगळे घालतात तोच. काकींचे हात अर्धे वर आले आणि तिथेच थांबले. त्यांनी वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चुलीवर काहीतरी असल्यासारख्या आत निघून गेल्या. चुलीवर काही नव्हतं.

जाताना एसटी स्टँडवर वडील म्हणाले, 'घाबरायचं न्हाई. तू कुणाचं कायबी चोरलेलं न्हाईस.' मी घाबरले नव्हते असं म्हटलं तर ते खोटं होईल.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडची हाक बंद झाली. काकी बोलत, पण नळावर पाणी किती वेळ आलं एवढंच. चुलीपुढचा चहाही संपला. समोरच्या बाई, ज्या काकींच्या माहेरच्या नात्यातल्याच होत्या, त्यांची ये-जा वाढली. त्या मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या आणि भिंत तर अर्धवटच होती. 'आवं, कवा काढताय तिला? आळीत त्वांड दावायची चोरी झालीया.' काकींचं उत्तर मला कधी ऐकू आलं नाही. मी जेवताना भांड्यांचा आवाज होणार नाही याची काळजी घ्यायला लागले, आणि स्वतःच्या त्या काळजीचीच मला चीड यायची.

एका सकाळी काकी माझ्या उंबऱ्याशी आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, 'बाई, औंदा माजा पुतण्या यायचा हाय शिकायला. खोली लागंल.'

इतके दिवस आवरून धरलेलं माझं डोकं तिथे फिरलं. 'काकी, तुम्हीसुद्धा?' मी म्हटलं. 'पुतण्या नको. लय पुतणे बघितले मी या गावात. खरं कारण तोंडानं सांगा. हिला ठेवत नाही, ही आमच्यातली नाही, एवढं म्हणा. मी आत्ता ट्रंक उचलते.'

'मी आसं कवा म्हणले?'

'मग म्हणा की.'

समोरच्या बाई अंगण झाडता झाडता थांबल्या होत्या. मला वकीलसाहेब आठवले. म्हणणारं माणूस पुढ्यात होतं, ऐकणारं समोर होतं. पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात कोर्ट नव्हतं. खोली गेली तर नोकरी जाईल हे कळत होतं, तरी एका माणसानं माझ्या तोंडावर खरं बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. काकींनी तोंड उघडलं, मिटलं आणि त्या माघारी गेल्या.

त्यानंतर आम्ही दोघी नुसत्या थांबून राहिलो. त्या काढत नव्हत्या आणि मी जात नव्हते. पुतण्याची थाप मात्र थांबली नाही. समोरच्या बाईंनी ती खरी मानली की खरी करायचं ठरवलं, देव जाणे, पण येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर त्यांनी ती काकींच्या सासरगावी पोचवली. दीर खूश झाला. त्याचा पोरगा यंदा खरंच इंजिनिअरिंग कॉलेजला लागला होता आणि वहिनीनं आपणहून खोली देऊ केली होती.

जूनमधल्या एका दुपारी तो पोराला घेऊन दारात उभा राहिला. सायकलीला गादीची वळकटी बांधलेली, पोराच्या हातात नवी बॅग. मी पाळीला निघायच्या तयारीत होते. दारातून पाहिलं आणि समजले. इतके दिवस सगळ्यांनी सांगितलेला पुतण्या शेवटी आला होता. त्याच्यापुढे काय बोलणार? मी दोरीवरचे कपडे काढून ट्रंकेत कोंबले आणि ट्रंक ओढत ओसरीवर आणली.

काकी पोराच्या तोंडावरून हात फिरवत म्हणत होत्या, 'ऱ्हायाचं कुटं ठरीवलंस, बाळा?'

दीर हसला. 'आवं वैनी, हितंच की. तुमीच सांगावा धाडला न्हवं?'

'हितं कुटं जागा हाय, भावजी? बाई ऱ्हात्यात त्या खोलीत.'

दीरानं माझ्या ट्रंकेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. 'वैनी, ती बाई कोण हाय म्हाईत हाय न्हवं तुमास्नी?'

'म्हाईत हाय. भाडेकरू हाय माजी.'

'आन् जुंधळं कुटनं येत्यात त्येबी म्हाईत आसंल.'

'त्येबी म्हाईत हाय,' काकी म्हणाल्या. 'माज्या वाटणीच्या रानातनं येत्यात.'

एवढं बोलून त्यांनी पोराला पाणी दिलं, गूळ दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'ट्रंक आत घ्या, बाई. वाटंत आडवी येतीया.' ट्रंक आणताना जेवढी जड लागली नव्हती तेवढी नेताना लागली.

त्या पोराला दुसऱ्याच दिवशी खोली मिळाली, वरच्या आळीत. ज्या घरात मला पुतण्या येणार म्हणून वाटेला लावलं होतं, त्याच घरात. कुणाचा का असेना, त्यांच्याकडे एकदाचा पुतण्या आला. हे कळलं तेव्हा मी बोर्डापुढे एकटीच इतकी हसले की साहेब केबिनमधून बाहेर आले.

यानंतर सगळं गोड झालं असं नाही. त्या वर्षी काकींची ज्वारी फार उशिरा आली आणि जी आली ती किडकी होती. तोवर त्यांनी बाजारातून आणून खाल्ली, पण माझ्यापाशी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. समोरच्या बाईंचं येणं तुटलं. भिंतीपलीकडून हाक परत यायला लागली, पण चुलीपुढे काही त्यांनी मला बोलावलं नाही, आणि मीही माझ्या तोऱ्यात होते. माझी नोकरी कायम झाली. पेढे मी ओसरीवरूनच दिले आणि त्यांनी ओसरीवरच खाल्ले.

पुढे माझी सांगलीला बदली झाली. सामान बांधून झालं त्या दिवशी काकी म्हणाल्या, 'बाई, आत ये. च्या ठेवलाय.' जाऊ नये असं क्षणभर वाटलं. मग गेले. चुलीपुढे पाट मांडला होता, देवळीत यमाईचा टाक होता. मी विचारून टाकलं, 'काकी, घरचा पुतण्या परत लावलात आणि मला ठेवलंत. का?'

त्या चहा गाळत होत्या. मग म्हणाल्या, 'तू म्हणली हुतीस न्हवं, खरं कारण तोंडानं सांगा. म्हणलं, सांगू या. त्यात काय? रोज पूजा झाली की हितंच उभी ऱ्हाऊन म्हणून बघायची. हिला ठेवत न्हाई, ही आमच्यातली न्हाई. आदी वाटलं, सवय न्हाई म्हणून जमंना. मग एक दिवस निगालं तोंडातनं. लय घाण वाटलं गं. यमाईम्होरं म्हणले आन् तिचीच मला लाज वाटली. तुला काय सांगणार हुते?'

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. वकीलसाहेबांना हवं होतं ते वाक्य कराडात माझ्यापुढे कुणीही शेवटपर्यंत उच्चारलं नाही. ते म्हणून बघितलं एकट्या काकींनी, आणि म्हणूनच मला राहायला घर मिळालं.