साहेबाला अडवायची परीक्षा

"टीचर, साहेबांवर मी ओरडू कसा?" लिन मला विचारत होता, आणि परीक्षा वीस मिनिटांवर आली होती!

सिंगापुरात सेम्बावांगच्या एका शिपयार्डमध्ये मी चिनी सुपरवायझरना इंग्रजी शिकवते. लिन त्यांच्यातला सगळ्यात ज्येष्ठ. वेल्डिंगमध्ये वाघ, इंग्रजीत मांजर. सेफ्टीच्या तोंडी परीक्षेत तो एकदा नापास झाला होता. आता पुन्हा झाला, तर सुपरवायझरपद जाणार होतं.

घोडं अडायचं ते उलट्या वाक्यांपाशी. एरवी आपण 'यू शुड' म्हणतो. पण कडक ताकीद द्यायची तर 'अंडर नो सर्कमस्टन्सेस शुड यू एंटर', म्हणजे काही झालं तरी आत जायचं नाही. इथे 'शुड' उडी मारून 'यू'च्या आधी बसतो. चिनीत प्रश्न विचारतानासुद्धा शब्द अशी जागा बदलत नाहीत. मग मी सरळ पाढेच म्हणायला लावले, आपल्या शाळेत म्हणायचो तसे, एका सुरात. आमच्या मॅनेजर मिस टॅन दारातून म्हणाल्या, "धिस इज क्लास, नॉट टेम्पल, लाह!" इथल्या इंग्रजीत वाक्याला 'लाह'चं शेपूट असतंच. पण आठवड्यात वाक्यं पाठ झाली. मी खूश.

आणि आता हा प्रश्न! परीक्षेत सेफ्टीचे मोठे साहेब स्वतः कामगार बनून बंद टाकीकडे चालत जातात. उमेदवारानं त्यांना अडवायचं. गेल्या वेळी लिननं अदबीनं बाजूला सरकून त्यांना वाट करून दिली होती. हे मला आत्ता कळत होतं.

"आत विषारी गॅस आहे असं समज," मी म्हटलं. "साहेबांचा अपमान झालेला बरा, की साहेब गेलेले?"

त्यानं बराच विचार केला. "अपमान," तो म्हणाला.

"मग ओरड!"

वीस मिनिटांनी साहेब टाकीकडे निघाले. माझा जीव टांगणीला लागला. साहेबांनी टाकीच्या तोंडावर हात ठेवला, तोच लिन दोन्ही हात पसरून आडवा! "अंडर नो सर्कमस्टन्सेस शुड यू एंटर!" एवढ्या मोठ्यानं, की पलीकडच्या क्रेनवाल्यानं क्रेन थांबवली.

साहेब दचकून मागे सरले. "आय ॲम युवर बॉस," त्यांनी दटावलं.

"बॉस ऑल्सो कॅनॉट, लाह!"

साहेब खो खो हसले. लिन पास! मी तिथेच टाळ्या पिटल्या.

त्याचं शेवटचं वाक्य कुठल्याच व्याकरणात बसणारं नव्हतं. साहेबांनी मार्क कापला नाही. मी नक्की कापला असता. अशा परीक्षेला इंग्रजीच्या शिक्षिकेला परीक्षक नेमत नाहीत, ते बरंच आहे.