जपानी लेखकाचं बैठं मेज

गंगूबाई आमच्याकडे स्वयंपाकाला येतात. गुहागरकडच्या. अर्धं आयुष्य इथे बहारीनमध्ये गेलं, पण मनामा शहरातल्या चार बिल्डिंगा सोडून बाईंनी काही पाहिलं नाही. आता कायमच्या गावी निघाल्या, तर जाताना मागितलं काय? आमच्या ह्यांनी केलेलं ते मेज एकदा बघायचंय, म्हणाल्या.

हे म्हणजे त्यांचे नवरे बाळाजी, सुतार. हातात कला होती, पण घरच्या बाबतीत आनंदच. लोकांची घरं सजवली, बायकोला मात्र साधा पाट करून दिला नाही. पोळ्या लाटताना हे गाऱ्हाणं मी कितीदा ऐकलंय! वारण्याआधी त्यांनी शेवटचं काम केलं ते अरादमधल्या एका छोट्या संग्रहालयासाठी. मोत्यांच्या व्यापाराच्या काळात कोणी जपानी लेखक बोटीने आला आणि एक हिवाळा तिथे लिहीत राहिला. त्याचं ते घर.

शुक्रवारी गेलो. गंगूबाईंनी दारातच चपला काढल्या, मलाही काढायला लावल्या. आत दोन खोल्या, पिवळे पडलेले फोटो, लेखकाची टोपी, दौत. कोपऱ्यात दोरीपलीकडे ते बैठं मेज. ते बघून बाईंचा चेहराच पडला. एवढ्याशा फळीपायी ह्यांना जेवणाची शुद्ध नव्हती, असं पुटपुटल्या. मला रागच आला. भर उन्हात गाडी हाकत आणलं ते काय हे ऐकायला?

तिथले म्हातारे रखवालदार महमूद हिंदी बरं बोलत. बाळाजींची बायको आलीय म्हटल्यावर त्यांनी आधी चहा मागवला. मग सांगितलं, की मूळ मेज हरवलं होतं, हे जुन्या फोटोवरून केलं. पण फोटोत उंची काही कळेना. तेव्हा बाळाजी म्हणाले होते, मांडी घालून बसणारं माणूस माझ्या घरात आहे, माप तिथे घेतो.

गंगूबाई चहा धरून तशाच उभ्या राहिल्या. मग हळू आवाजात मला सांगू लागल्या. एकदा त्या खाली बसून कणीक मळत होत्या, तेव्हा ह्यांनी टेप काढून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजलं होतं. कामात लुडबुड करतात म्हणून त्यांनी ह्यांना चांगलंच झापलं होतं.

महमूदनी न विचारताच दोरी सोडली. गंगूबाई पदर सावरून मांडी घालून बसल्या. दोन्ही कोपरं मेजावर अलगद टेकली, वाकावं लागलं नाही की खांदे उचलावे लागले नाहीत. माझे डोळे भरून आले.

त्या फळीवरून हात फिरवत राहिल्या, आणि समोर कोणी बसलंय अशा बोलल्या, "माझ्या मापाचं केलंत, तर सांगायला काय झालं होतं हो?"