बेसिनजवळचं टेबल

अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या ज्या माणसाने आमच्या माजी नगरसेवकांसमोर उभं राहून कधी हात धुतले नाहीत, तो माणूस इथला नव्हेच, असं मी छातीठोकपणे सांगतो. खुशाल त्याचं रेशनकार्ड तपासून पाहावं. माझ्या वडिलांनी त्यांच्यासमोर हात धुतले, मी धुतले, आणि आमच्या जावयाने तर लग्न ठरलं त्याच संध्याकाळी धुतले. बिचारा पुण्याचा. परत टेबलाशी येऊन त्याने मुलीला हळूच विचारलं, "इथे हॉटेलात हात धुवून घ्यायला वेगळा माणूस ठेवतात का गं?"

त्याची चूक नाही. बदलापूरच्या रस्त्याला, चिखलोलीच्या अलीकडे एक जुनं फॅमिली रेस्टॉरंट आहे. मालक उल्हासनगरचे एक सिंधी शेठ, ते सगळ्यांना साई म्हणतात म्हणून सगळे त्यांनाही साईच म्हणतात. मधोमध माशांची मोठी काचपेटी आहे आणि तिचा हिरवा उजेड सगळ्या हॉलभर पडलेला असतो. संध्याकाळी तिथे बसलं की आपणही सावकाश पोहतो आहोत असं वाटायला लागतं. वेटर तरंगत येतात, तरंगत जातात. मी एकदा मेनूकार्ड हातात घेऊन तसाच बसून राहिलो होतो, बायकोने कोपराने ढोसलं तेव्हा भानावर आलो. अशा त्या हॉलमध्ये एकच टेबल कोणाला नको असतं, ते म्हणजे बेसिनजवळचं. अंगावर शिंतोडे उडतात, लोक तिथेच घसे साफ करतात. नगरसेवकांना मात्र तेच टेबल लागतं. ते रिकामं नसेल तर ते दाराशी उभे राहून वाट पाहतात, आणि साई त्यांना दुसरं टेबल दाखवायच्या फंदात पडत नाहीत.

यामागे त्यांचं एक शास्त्र आहे, ते त्यांनी मला स्वतः समजावून सांगितलं आहे. "सर, घरी जा, माणूस बिझी. रस्त्यात गाठा, फोनवर. पण जेवल्यावर? जेवल्यावर हात धुवायला प्रत्येकाला यायलाच लागतं. आणि हात खरकटा असला ना, की माणूस फोन काढू शकत नाय, पळू शकत नाय. दोन मिनटं आपला होतो." मग ते त्या दोन मिनिटांत त्या माणसाचे सगळे नातेवाईक विचारून घेतात. भावजयीचं ऑपरेशन, मुलाची परीक्षा, गच्चीची गळती. स्वतः नळ सोडतात, साबण पुढे सरकवतात, शेवटी खिशातल्या डबीतली बडीशेप हातावर ठेवतात. तोवर त्यांच्या ताटातल्या डाळीवर साय धरलेली असते. इतक्या वर्षांत मी त्यांना एक घास सलग चावताना पाहिलेलं नाही.

ते निवडून आले होते एकदाच. पुढच्या खेपेला पडले, मग वॉर्ड राखीव झाला, मग वॉर्डाच्या हद्दी अशा काही बदलल्या की त्यांचं स्वतःचं घर एका वॉर्डात आणि त्यांची गॅलरी ज्यावर उघडते ती गल्ली दुसऱ्यात. 'माजी' हा शब्द त्यांच्यासमोर कोणी उच्चारत नाही आणि त्यांनाही तो कधी आठवत नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला: "पाणी येतंय ना?" एकदा बायकोने तोंडात चुळीचं पाणी असतानाच मान हलवून नाही म्हटलं. तिसऱ्या मजल्यावर प्रेशर नव्हतं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी गॅलरीत आलो तर खाली हे कानटोपी घालून उभे, शेजारी व्हॉल्व्ह फिरवणारा डोळे चोळतोय, आणि हे वर तोंड करून ओरडतायत, "वहिनी, आता बघा!" ते पद सुटून तेव्हा किती काळ लोटला होता, कोण जाणे. पाणी आलं एवढं खरं. तेव्हापासून बायको उमेदवारांच्या यादीत यांचं नाव नसलं तरी चालेल, पण मत यांनाच देणार म्हणते.

यंदाच्या थंडीतली गोष्ट. घरातला गॅस संपला म्हणून आम्ही दोघं सहज तिकडे जेवायला गेलो. बाहेर धुकं पडलं होतं, चिखलोलीच्या नव्या टॉवरांची खालची अंगं त्यात बुडाली होती आणि वरचे दिवे नुसतेच हवेत लटकले होते. दारातच नगरसेवक भेटले. कपडे नेहमीसारखे पांढरेशुभ्र, पण चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा. आत त्यांच्या टेबलाशी एक जाडजूड गृहस्थ बसले होते. त्यांच्याकडे डोळ्याने दाखवत ते पुटपुटले, "आमचे वरिष्ठ. तिकीट यांच्या हातात आहे, सर. बोलतात, तुम्हाला आता ओळखतं कोण? सगळी पब्लिक नवीन आली. म्हटलं, साहेब, एक दिवस माझ्याबरोबर जेवायला बसा, तुमचं तुम्हालाच कळेल."

हॉल भरलेला होता. मनात म्हटलं, आज यांचं काम झालं.

आमचं जेवण होत आलं तेव्हा साई स्वतः टेबलाशी आले. मागून वेटर, त्याच्या हातात ट्रे, ट्रेमध्ये काचेच्या वाट्या, वाट्यांत कोमट पाणी आणि लिंबाची फोड. "फिंगर बाऊल, साई. अभी उठायचं नाही, इधरच हात धुवायचे. बहू बोली, पापा, स्टँडर्ड दिसतं." आणि ते कौतुकाने पुढच्या टेबलाकडे गेले.

मी वळून पाहिलं. सगळ्या हॉलभर लोक आपापल्या जागी बसून वाटीत बोटं बुडवत होते. त्या हिरव्या उजेडात ते फार सुंदर दिसत होतं, सगळीकडे हलणारं पाणी आणि हलणारी बोटं. आणि बेसिनपाशी कोणीही नव्हतं. आरशात नुसती समोरची भिंत दिसत होती. नगरसेवक खुर्चीतून अर्धे उठायचे, एखादं टेबल हललं की हात जोडायची तयारी करायचे, आणि ते लोक सरळ दाराकडे गेले की पुन्हा बसायचे. वरिष्ठ फोन पाहत होते. बडीशेपेची डबी टेबलावर उघडी पडली होती. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं लोकांच्या घरचं पाणी पाहणारा माणूस, आणि त्याचा घात वाटीभर पाण्याने करावा!

बायकोने स्वतःची वाटी बाजूला सारली. "अहो, उठा."

"आता कुठे?"

"हात धुवायला. उठा आधी."

आम्ही खरकटे हात वर धरून, सगळ्या टेबलांमधून वाट काढत निघालो. जरा जास्तच मोठ्याने मी म्हटलं, "काय दादा, कसं काय?" आमच्याच बाजूच्या बिल्डिंगमधल्या जोशीबाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं, मग नगरसेवकांना पाहिलं, आणि वाटीत बुडवलेली बोटं पुसून परत भाताला लावली. मग त्याही उठल्या. कोपऱ्यातलं एक जुनं कुटुंब आलं. टॉवरमधली मंडळी मात्र ओल्या बोटांनी आमच्याकडे पाहत बसली होती. पाण्याची वाटी पुढ्यात असताना हे लोक रांग का लावतात, ते त्यांना कसं कळावं?

नगरसेवक उठले. बायकोला म्हणाले, "वहिनी, पाणी येतंय ना?"

"भरपूर येतंय, भाऊजी," ती वरिष्ठांकडे पाहून म्हणाली, "तुम्ही सोडवलंत तेव्हापासून."

वरिष्ठांनी मान डोलावली, वाटीत दोन बोटं बुडवली, पुसली आणि ड्रायव्हरला फोन लावला.

तिकीट मिळालं नाही. कोणत्या तरी बिल्डरच्या पुतण्याला मिळालं. नगरसेवकांनी महिनाभर त्याचा प्रचार केला आणि त्यातही घरोघर पाण्याचंच विचारत फिरले. ते अजून त्याच टेबलाशी बसतात. फिंगर बाऊल आता तिथे कायमचे झाले आहेत. आमच्या टेबलावर आले की बायको त्यातली लिंबाची फोड तेवढी डाळीत पिळते आणि आम्ही उठतो.

परवा हात धुताना त्यांनी मला विचारलं, "सर, तुमच्या टेबलाला वाटी आली नाय का?"

"आली ना," मी म्हटलं.

त्यांनी नळ जरा मोठा सोडला.