सही आधी, स्क्रू मग

बुवापाड्यातल्या आमच्या इमारतीत माया राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला शहाणपण शिकवलं होतं. "मालकाच्या नादी लागू नकोस. नळ गळला, पंखा बसला, की आपलं आपण करून घ्यायचं." नऊ वर्षं मीही भाडेकरूच, आणि तसंच करत आले होते. खोलीबरोबर मिळालेला माझा गिझर दोन हिवाळे बंद होता आणि मी मुकाट्याने गॅसवर पाणी तापवत होते.

माया तळमजल्यावर, वडिलांबरोबर. आम्हा दोघींचा मालक बाळाजीशेठ, बोलायला गोड आणि करायला शून्य. अकरा महिन्यांच्या करारात खोलीबरोबर फ्रिज लिहिलेला होता, 'चालू स्थितीत'. भर उन्हाळ्यात तो बंद पडला. तिच्या वडिलांना, बबनकाकांना, दिवसातून दोनदा इन्सुलिन लागायचं. औषध माझ्या फ्रिजमध्ये आलं आणि काका सकाळ-संध्याकाळ दोन जिने चढू लागले.

तक्रार केली की बाळाजीशेठचं ठरलेलं उत्तर यायचं. "अगं, फ्रिज तुमच्यासाठी असाच ठेवलाय, माझा काय संबंध? बायका दार उघडं टाकतात, म्हणून बिघडतो."

आता गंमत बघा. माया उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका दुकानात फ्रिज दुरुस्त करते. चांगली आठ वर्षं. बाळाजीशेठला वाटायचं, ती काउंटरवर बसते. त्याने कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

"तुझ्या हातचं काम," मी म्हटलं, "उघड आणि कर की."

"उमाताई, आधी शहाडच्या खोलीत तेच केलं होतं. मालक म्हणाला, बाईने हात लावला म्हणून बिघडला. खोली खाली करायला लावली. मला येतं म्हणून मीच करायचं? ज्याची वस्तू, त्याने बघायचं."

मला ती हट्टी वाटली. मग मी पुतणीच्या लग्नाला कर्जतला गेले आणि किल्ली द्यायची विसरले. सकाळी काका जिना चढून आले, दाराला कुलूप. लेकीला कामावर कशाला त्रास, म्हणून गप्प बसले. दुपारी घेरी येऊन पडले. मी परतले तेव्हा त्यांना सलाईन लागलं होतं. चूक माझी होती, पण मी ओरडले मायावर. "तुझ्या हट्टापायी म्हातारा जाईल!"

तिचे डोळे भरले. "बघा ना ताई, फ्रिज त्याचा आणि भांडतोय आपण दोघी. त्याला तर हेच पाहिजे."

करार संपायला दोन महिने होते. तेवढ्यात बाळाजीशेठने परस्पर नवीन भाडेकरू शोधले आणि रविवारी खोली दाखवायचं ठरवलं. दाखवायचं म्हटल्यावर मात्र फ्रिज चालू पाहिजे! नाक्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून नंबर घेऊन त्याने फोन लावला, तो नेमका मायाच्याच दुकानात. दुकानाच्या सेठने पत्ता लिहून घेतला आणि वर पाहिलं. "माया, ये तो तेरा ही घर है ना?"

"हां सेठ. मैं ही जाऊंगी."

रविवारी मी काकांना पेज घेऊन खाली गेले होते. बाळाजीशेठ एका नवराबायकोला खोली दाखवत होता. दारात माया उभी राहिली. अंगात दुकानाचा निळा शर्ट, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"मेकॅनिक कुठाय?" बाळाजीशेठने विचारलं.

"आलाय की. मीच."

त्याने तिच्यामागे बाहेर डोकावून पाहिलं. मायाने दुरुस्तीचं पिवळं कार्ड पुढे केलं. "आमच्या दुकानाचा नियम आहे शेठ. सही आधी, स्क्रू मग. वस्तू कोणाची, इथे लिहा."

"अगं, घरातल्या घरात कसलं कार्ड? कर चालू."

"मी आता घरात नाय, ड्युटीवर आहे. नाव नाय, तर काम नाय."

नवीन बाई त्याच्याकडे बघत होती. बाळाजीशेठने दात-ओठ खात लिहिलं, 'माझी', आणि खाली सही केली. मला उड्या माराव्याशा वाटल्या! मायाने मागची पट्टी उघडली आणि कॉम्प्रेसर चालू करणारा रिले जळाला होता, तो काढून सगळ्यांना दाखवला. कार्डावर लिहिलं, 'जुना भाग जळाला, वापरणाऱ्याची चूक नाही.' त्याखाली दुसरी सही घेतली. मगच नवा रिले बसवला. फ्रिज गुरगुरला.

"फ्रिज एकदम ओके," ती त्या बाईला म्हणाली. "पण खोली खाली नाय. दोन महिने करार आहे. त्याच्यापुढे पण राहायचं आहे आम्हाला. शेठनी मला अजून काय विचारलं नाय."

"करार संपला की बघतो तुला," बाळाजीशेठ पुटपुटला.

"बघा. कार्डाची एक प्रत माझ्याकडे राहील."

नवरा-बायको तिथूनच परत गेले. संध्याकाळी काका शेवटच्या वेळी जिने चढून वर आले. माझ्या फ्रिजमधला इन्सुलिनचा डबा घेतला, हात जोडले आणि कठड्याला धरत हळूहळू उतरले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. आपण नऊ वर्षं कसलं शहाणपण पाळत होतो, याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि लगेच खाली उतरवलं. फोन उचलला.

"बाळाजीशेठ, दुसऱ्या मजल्यावरची उमा बोलतेय. तुमचा गिझर बंद आहे."