क्लॅरी बंटाइन यंत्राशी मन मोकळं करतो

क्लॅरी बंटाइन ऑस्ट्रेलियातल्या आमच्या लाँगरीचच्या शेडमध्ये मेंढ्यांची लोकर कातरायचा. उभा जन्म कातरयंत्राच्या घरघरीत गेल्यामुळे कान निम्मे गेलेले. कुजबुजायची गोष्टही तो माळावरून हाक मारल्यासारखी सांगे. मस्तवाल एडका चुटकीसरशी उताणा पाडायचा, पण स्वयंपाकीण व्हर्ना समोर आली की साधा चहा मागतानाही त्याची त-त-प-प व्हायची.

त्या हंगामात इशबेल रँकिन नावाची संशोधक बाई आली. कामगारांच्या कानांवर दिवसभर किती आवाज आदळतो, ते तिला मोजायचं होतं. तिने क्लॅरीच्या खांद्यावर काडेपेटीएवढं यंत्र अडकवलं.

"हे सगळं ऐकणार. तुम्ही नेहमीसारखं काम करा," एवढं बोलून ती गेली.

क्लॅरीने मनाशी ठरवलं, पलीकडे ब्रिस्बेनमध्ये कुणी सरकारी साहेब कान लावून बसलाय.

"नमस्कार साहेब! क्लॅरी बोलतोय!" त्याने सुरुवात केली. आधी पाठदुखी सांगून झाली, मग माश्या, मग मुकादमाचं घोरणं. जेवणानंतर भीड चेपली. मेंढी गुडघ्यांत धरून तो गरजला, "साहेब, आपल्या दोघांतच ठेवा हं! व्हर्नाच्या हातचं मटण म्हणजे निव्वळ कातडं! तरी मी दोनदा मागून घेतो. का? अहो, वाढायला ती येते ना! लग्नाचं विचारायचंय तिला, पण जीभच वळत नाही!"

नीट ऐकू यावं म्हणून एकेक करून सगळ्यांनी आपापली कातरयंत्रं बंद केली. दारात व्हर्ना किटली घेऊन उभी. क्लॅरीची पाठ होती. त्याला पत्ताच नाही.

संध्याकाळी इशबेलबाईंनी यंत्र काढलं.

"साहेब काय म्हणाले?"

"कोण साहेब? अहो, यात शब्द येत नाहीत. आवाज किती मोठा, एवढंच कळतं."

"एक अक्षरही नाही?"

"नाही."

"वाचलो बाई! म्हणजे कुणालाच कळलं नाही!"

आम्ही हसू दाबत बुटांकडे बघत बसलो. शेडच्या आवाजाऐवजी क्लॅरीचंच ओरडणं भरल्यामुळे बाईंचं मोजमाप मात्र पार वाया गेलं. दुसऱ्या दिवशी सगळं नव्याने करावं लागलं.

रात्रीच्या जेवणाला व्हर्नाने त्याच्या ताटात मटण आदळलं. "घे, कातडं! आणि लग्नाचं विचारायचं असेल तर मला विचार. साहेबांना कशाला?"

क्लॅरीचा काटा हातातून पडला. पण त्याने विचारलं. इतक्या मोठ्याने, की बाहेर कुत्री भुंकायला लागली.

आता दोघं लग्न करून बार्काल्डिन गावात राहतात. पुढे बाईंच्या अहवालावरून शेडला आवाज अडवणारी कानटोपणं आली. त्यातलं एक व्हर्नाने मागून नेलं. घरी ती ते घालूनच बसते.