नांगराच्या दोरावरचा लाल टॅग

आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पंचवीस वर्षं भिलाईत शाळेत विज्ञान शिकवते आहे. कुणी चकव्याचे वगैरे किस्से सुरू केले की मी चहा ठेवायला उठते. हेही लिहिणार नव्हते. पण दीड वर्ष झालं, डोक्यातून जात नाही आणि घरात यावर बोलता येत नाही... म्हणून इथे.

माझा मोठा भाऊ, दादा, इथल्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील प्लांटच्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. रिटायर झाल्यावर दादानं दुर्गला, बोरसी भागात घर बांधलं आणि कुणालाही न विचारता एक जुनी फायबरची नाव घेतली. वल्ह्यांची, चार माणसं बसतील एवढी. बालोदच्या बाजूच्या एका जलाशयात ती असायची. रविवारी दादा, वहिनी, कधीकधी मी आणि माझे मिस्टर डबा घेऊन जायचो.

त्या नावेवरून आम्हा भावाबहिणीचा एकच वाद. मी म्हणायची, काठावर ओढून ठेव — चढायला-उतरायला सोपं. तो काठापासून वीस-पंचवीस पावलांवर, छातीभर पाण्यात नांगर टाकून ठेवायचा.

"शोभे, तुले पाय ओले कराचे नाई, म्हणून माह्या नावेचं बूड मुरमावर घासू का मी? कॅनॉलले पाणी सोडलं का काठावरची नाव बसली ढिम्म कोरड्यात. मंग ढकलजो तू अन् तुह्या शाळेतल्या मास्तरणी."

"आणि पावसानं भरून बुडाली म्हणजे?"

"पावसाळ्याच्या आधी ओढतोच नं मी. तुह्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाह्यले."

एकदा दादा पाण्यात उतरून नावेखालचं शेवाळ घासत होता. माझ्या मिस्टरांनी मदत म्हणून नांगर उचलला. नाव सरकली, दादाच्या खांद्याला लागलं. पुढच्या रविवारी त्यानं नांगराच्या दोराला तारेनं एक लाल टॅग बांधला. प्लांटमध्ये मशीन बंद करून कुणी आत काम करत असेल तर स्विचवर असा टॅग लटकवतात. 'खतरा — चालू मत करो', खाली नाव, आणि 'लगाया' आणि 'हटाया' असे दोन रकाने — तारीख, वेळ, शिफ्ट. नियम एकच: ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, साहेब असला तरी. कारण पलीकडे माणूस असतो.

तेव्हापासून नांगर टाकला की टॅग. निघताना तसाच ठेवून यायचा; पुढच्या खेपेला 'हटाया' भरायचा, मगच नांगर उचलायचा. रिटायर माणूस, पण शिफ्ट लिहायला विसरायचा नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो टॅग लावून घरी आला. सोमवारी सकाळी मेंदूत रक्तस्राव झाला. नऊ दिवस आयसीयू. नवव्या दिवशी दुपारी मीच वहिनींना घरी पाठवलं — "आंघोळ करून, दोन घास खाऊन या. मी आहे इथे." त्या जायला तयार नव्हत्या. मी ऐकलं नाही. पाऊण तासात दादा गेला.

वहिनी मला त्यावरून एक शब्द बोलल्या नाहीत. रडल्याही नाहीत. दादाचा मोबाईल मात्र रोज चार्जिंगला लावायच्या.

जूनच्या सुरुवातीला केजऊरामचा फोन आला. हा तिथला मच्छीमार, दादाच्या नावेवर लक्ष ठेवायचा. पाऊस तोंडावर आला होता. नांगरावर असलेली नाव पाण्यानं भरून तिथेच बुडेल, काठावर ओढून पालथी घाला, म्हणाला. मी वहिनींना सांगितलं.

"नाई. यांचा टॅग हाय त्याच्यावर. हे काढतीन."

"वहिनी, दादा नाही आता."

"मले मालूम हाय. टॅग तं हाय नं?"

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी त्यांचाच फोन — "मी येतो सोबत."

सकाळी त्यांना घेऊन निघाले. दुर्ग सोडताना मी गाडी थांबवली. नाव झाकायला ताडपत्री हवी होती. वहिनी म्हणाल्या, "मंग पाहू नं ताई, आधी पोहोचून घेऊ." मी म्हटलं, एक काम दोनदा कशाला? दुकानदारानं मापात कापून द्यायला पाव तास लावला. वहिनी गाडीत बसून काचेबाहेर बघत होत्या.

पोहोचलो तेव्हा अकराला पाच कमी होते. केजऊराम काठावर जाळं दुरुस्त करत बसला होता. "बिहनिया ले इहें हंव दीदी. कोनो नइ गे हे. आवत खानी देखेंव, लाल तख्ती लटकत रहिस." म्हणजे सकाळपासून तो तिथेच होता, कुणी गेलं नव्हतं, आणि येताना त्यानं टॅग लटकलेला पाहिला होता.

त्याच्या डोंगीतून आम्ही नावेपाशी गेलो. नांगराचा दोर ताणलेला होता. त्यावर टॅग नव्हता.

टॅग मधल्या फळीवर होता, दादा बसायचा तिथे. तार उलगडून नीट गुंडाळून शेजारी ठेवलेली. मी उचलला. 'लगाया'खालची शाई चार महिन्यांच्या उन्हानं उडाली होती, तिरका धरला तरच दिसत होती. 'हटाया'खाली त्या दिवशीची तारीख. वेळ दहा चाळीस. फर्स्ट शिफ्ट. आणि दादाची सही. मी त्यावर अंगठा फिरवला... अंगठ्याला निळी शाई लागली.

वहिनींनी टॅग माझ्या हातातून घेतला. बराच वेळ वाचला.

"आता किती वाजले?"

"अकरा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "काढला नं त्यायनं. उचला मंग."

नांगर त्यांनीच ओढला, दोन्ही हातांनी. नाव काठाला लागल्यावर आम्ही तिघांनी ती मुरमावर चढवली, पालथी घातली. मी ताडपत्री आणायला गाडीकडे वळले तर केजऊराम म्हणाला, कशाला दीदी, माझ्याकडे दोन पडून आहेत.

परत येताना वहिनी गाडीत रडल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा. घरी आल्यावर भाजी-भात खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत झोपल्या. मोबाईल पुन्हा चार्जिंगला लावला नाही. आता नंदिनी नगरला बहिणीकडे जातात-येतात, बोलतात, हसतातही.

मिस्टर म्हणतात, वहिनींनीच लिहिलं असेल. त्या सकाळभर माझ्याबरोबर होत्या. मग म्हणाले, केजऊराम. त्याला दादाची सही आणि शिफ्ट लिहायची सवय कुठून माहीत? जुनी शाई बोटाला लागते का ते बघायला मी घरी तसलाच एक टॅग उन्हात ठेवून बघितला, पेनं बदलून बघितली. त्यातून काही निघालं नाही. आता मी शोधणं सोडलंय.

मी फक्त वेळेचा हिशोब करत बसते. दुकानापाशी थांबले नसते तर आम्ही बरोबर दहा चाळीसला काठावर उभ्या असतो. वहिनींनाही हे कळलंय, नक्की कळलंय. दवाखान्यातल्या त्या पाऊण तासासारखंच याबद्दलही त्या मला काही बोलत नाहीत... वर रविवारी भाजी पाठवतात.