जिन्याखालचे पन्नास एमबी

४ मार्चच्या पगारात अक्कांचे १,८४० रुपये कापलेले होते. सोबत मेमो: 'नोंदी अस्पष्ट स्कॅन केल्यामुळे रुग्णास त्रास झाला.'

अक्का रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात सव्वीस वर्षं होत्या. हल्ली रुग्णालयाने जिन्याखालच्या एका कॉम्प्युटरवर रुग्णांच्या नोंदी ठेवायची स्वतःचीच यंत्रणा बसवली होती, आणि स्कॅन केलेल्या मोठ्या फाइली तिच्यात चढतच नव्हत्या. "हलक्या करून चढवा," व्यवस्थापक म्हणाले. अक्कांनी त्या काळ्या-पांढऱ्या, फिकट स्कॅन केल्या. त्यात तांबड्या शाईतली 'हे औषध चालत नाही' ही ओळ दिसेनाशी झाली. एका रुग्णाचं तोंड सुजलं. तो बरा झाला, पण खापर फुटलं अक्कांच्या डोक्यावर.

त्या तडक जिन्याखाली गेल्या. यंत्रणा सांभाळणाऱ्याला सगळे वायरशेठ म्हणत.

"फाइल केवढी चालते तुमच्याकडे?"

"पन्नास एमबी. हे बघा, सेटिंगमध्ये लिहिलंय."

"लिहिलेलं मलाही वाचता येतं. चढवून बघितलीत कधी?"

"अक्का, तुम्ही आपले कागद सांभाळा ना."

"तेच सांभाळतेय सव्वीस वर्षं! बसा इथे. उठलात तर खुर्ची बाहेर फेकीन."

त्यांनी एकेक फाइल चढवायला लावली आणि प्रत्येकीचा आकार नि आलेला संदेश वहीत उतरवला. नऊशे केबी गेली. सव्वा एमबी परत आली. वायरशेठने डोकं खाजवलं. सर्वांत पुढचा वेब सर्व्हर एकाच एमबीला आत सोडत होता. पन्नासचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं. ती मर्यादा वाढवली. दीड एमबी गेली, अडीच परत आली. संदेश मात्र वेगळा.

"आत आणखी एक मर्यादा आहे," तो पुटपुटला. "दोनची."

"म्हणजे घरधन्याने बोलावले पन्नास पाहुणे, फाटकावर सोडला एक, ओट्यावर दोन! आणि उपाशी राहिले म्हणून शिव्या मला?"

तीही वाढवली. चाळीस एमबीची रंगीत फाइल बिनबोभाट चढली. तांबडी ओळ ठसठशीत दिसत होती.

अक्कांनी वही व्यवस्थापकांच्या टेबलावर आपटली.

"वा! आता त्या फिकट तीनशे फाइली पुन्हा स्कॅन करून टाका," ते म्हणाले.

"आधी मेमो मागे घ्या. लेखी."

"एवढं काय मनावर घेता, अक्का?"

"त्या माणसाची सूज माझ्या नावावर लिहिलीत तुम्ही! फिकट करा म्हणून कोणी सांगितलं, तेही लिहा. तोवर स्कॅनरला हात लावणार नाही."

व्यवस्थापकांनी दातओठ खात लिहिलं. कापलेली रक्कम एप्रिलच्या पगारात आली.

पगार कापल्यामुळे मार्चचं वीजबिल भरायला अक्कांनी जाऊबाईंकडून सहाशे घेतले होते. त्यातले अडीचशे अजून द्यायचे आहेत.